वास घेऊन घेतलेला पाइप

नाटे बंदरावर लिलावात उभं राहून मासळी घ्यायची आणि राजापूरच्या बाजारात नेऊन विकायची, यात मालनचा अर्धा जन्म गेला. पाटीवरचं फडकं उचलायच्या आधीच ती सांगायची, बांगडा आजचा की कालचा. पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि मुलगा हर्षद तिला रत्नागिरीला आपल्या घरी घेऊन आला. तो जहाजावर फिटर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. सून राजश्री बँकेत नोकरीला. घर नीटनेटकं, शेजार चांगला, पण मालनला काही करमेना. बाजारात दिवसभर बोलायची सवय झालेलं तोंड इथे भिंतींशी काय बोलणार?

हर्षदच्या ते लक्षात आलं. गेल्या सुट्टीत तो एक भलीमोठी काचेची टाकी घेऊन आला आणि तिच्यात एंजल मासे, काळे मोली आणि दोन गोगलगायी सोडल्या.

"आई, तुला माशांची सवय आहे म्हणून आणली."

"मेल्या, मला विकायची सवय आहे," मालन म्हणाली. पण खुर्ची मात्र तिने त्याच दिवशी टाकीसमोर ओढून घेतली.

हर्षदची सुट्टी संपत आली होती. टाकीतलं पाणी खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरायचं, तिथे गाळलं जायचं आणि पंपाने परत वर यायचं, असा बेत होता. पण नळ्या जोडायच्या राहिल्याच. ते काम आळीतल्या बाबल्या प्लंबरवर सोपवून तो जहाजावर गेला. बाबल्या चटपटीत माणूस. घरामागे बागेला पाणी घालायची हिरवी नळी पडून होती, तीच त्याने कापली, मध्ये पाणी कमीजास्त करायला पितळेचा कॉक बसवला आणि चहा पिऊन गेला. पाणी झुळझुळ फिरायला लागलं. मालन खूश.

तीन-चार दिवसांनी मासे वर येऊन तोंड वासायला लागले. गोगलगायी शंखात मिटून बसल्या त्या बसल्याच. आणि एका सकाळी एक काळी मोली आडवी तरंगताना दिसली.

मालनने आयुष्यात किती मेलेले मासे हाताळले असतील त्याची गणती नाही. पण तडफडत मरणारा मासा, तोही आपल्या घरातला, तिने कधी असा बसून पाहिला नव्हता. मोलीला तिने जास्वंदीच्या मुळाशी पुरलं. मग पदर खोचला, विहिरीचं पाणी बादल्यांत काढलं आणि उरलेले मासे आणि गोगलगायी त्यांत सोडल्या. संध्याकाळी राजश्री आली तेव्हा सासूबाई कपाटात डोकं घालून नळी हुंगत होत्या.

"आई, काय करताय?"

"ये, वास घे. नव्या रेनकोटाचा वास येतोय की नाही?"

राजश्रीने नाक लावलं आणि मान मागे घेतली. वास होता खरा. तिने हर्षदला मेसेज केला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, जहाज रेंजमध्ये आल्यावर. बागेची नळी मऊ राहावी म्हणून तिच्यात काय काय मिसळलेलं असतं, ते पाण्यात उतरतं, असं त्याने लिहिलं होतं. 'पिण्याच्या पाण्याचा पाइप घ्या. आणि आईला दगदग करू देऊ नका.'

दुसरं वाक्य राजश्रीने वाचून दाखवलं नाही, कारण मालन तोवर पिशवी घेऊन निघाली होती.

मारुती मंदिराजवळ महिपतशेठचं हार्डवेअरचं दुकान होतं. मालनने काउंटरवर पाइप मागवले आणि एकेक उचलून तोंडाशी नाक लावू लागली. दुकानातली गिऱ्हाइकं बघतच राहिली.

"मावशी," महिपतशेठ हसू दाबत म्हणाले, "पाइप आहे तो, पापलेट नाही."

"पापलेट असतं तर भाव पाडून मागितलं असतं," मालन म्हणाली. "माझ्या माशांना राहायला हवाय. खरं सांगा, कुठला घेऊ?"

मासे हा शब्द ऐकताच शेठ सावरून बसले. त्यांनी करडा पाइप बाजूला सारला. "हा शेतीचा. दणकट आहे, पण आत शिसं-बिसं नाहीच असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. हा पांढरा पिण्याच्या पाण्याचा. हे बघा, शिसं नाही असं त्याच्यावरच छापलंय. वाकवायचा असेल तिथे सिलिकॉनची नळी लावा."

मालनने पांढरा पाइप हुंगला. काही म्हणजे काही वास नाही. सिलिकॉनही पास झालं. मग तिने पिशवीतून जुना पितळी कॉक काढला. "हा चालेल. यालाही वास नाही, मी बघितलाय."

"इथे तुमचं नाक फसलं, मावशी. पितळेत तांबं असतं. ते हळूहळू पाण्यात उतरतं, आणि पहिल्या जातात त्या गोगलगायी."

मिटून बसलेल्या गोगलगायी मालनच्या डोळ्यांसमोर आल्या. "म्हणजे वासावर सगळं कळत नाही तर," ती म्हणाली आणि प्लास्टिकचा कॉक मुकाट्याने पिशवीत टाकला.

बाबल्या ओशाळून परत आला. पाइप कापले, सांध्यांना सॉल्व्हंट लावून चिकटवले आणि लगेच पंप लावायला निघाला. मालनने त्याचा हात धरला.

"अजून उग्र वास येतोय. वाळू दे दोन दिवस, मग धुऊया, मग लाव."

"मावशी, शंभर घरांत लावलाय मी. माणसं पितात त्यातलं पाणी."

"माणसं त्यात राहतात काय रे?"

बाबल्या हसायलाच लागला. दोन दिवसांनी तो स्वतःहून आला, बादलीभर पाणी पाइपातून पुन्हा पुन्हा फिरवून ओतून दिलं आणि टाकीत नवं पाणी भरून मगच ती सुरू केली. मासे आत गेले, शेपट्या हलवत खाली उतरले. एका गोगलगायीने दुपारी शिंगं बाहेर काढली. दुसरी मात्र गेली होती.

पावसाळा सरता सरता एक दिवस राजश्री बँकेत असताना तिचा फोन वाजला. मालनचा आवाज बाजारातल्यासारखा चढलेला.

"गो राजश्री, गाबोळी! एंजलने पाइपावर गाबोळी घातली!"

पांढऱ्या उभ्या पाइपाला मोत्याच्या दाण्यांसारख्या अंड्यांच्या ओळी चिकटल्या होत्या, आणि नरमादी दोघं समोर उभी राहून परांनी त्यांना वारा घालत होती. राजश्री संध्याकाळी घरी आली तर शेजारच्या दोघीतिघी टाकीसमोर बसलेल्या, चहा झालेला, आणि मालन त्यांना हलक्या आवाजात बजावत होती, "जवळ जाऊ नका गो, बाळंतीण आहे ती."

रात्री जेवताना राजश्रीने विचारलं, "आई, उद्या बाजारातून कोळंबी आणू का?"

मालनने टाकीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "आण. पण मागल्या दाराने आण."