वैजनाथच्या काविळीचा फोटो

वैजनाथ मूळचा परभणीकडचा. लग्नानंतर पुण्यात आला, हिंजवडीतल्या एका कंपनीची बस चालवू लागला. बायको तनुजा आणि मुलगी वैष्णवी यांच्यासह कात्रजला भाड्याच्या खोलीत राहायचा. बोलणं कमी, पण गाडीवर हात असा की बसमधली तरुण मंडळी सकाळी बसल्या बसल्या निर्धास्त झोपून जायची.

मग त्याला खाज सुटली. अंगावर पुरळ नाही, काही नाही, पण तळहात-तळपाय असे खाजायचे की सिग्नलला थांबला की तो हात स्टिअरिंगवर घासत बसायचा. मलमं लावून झाली. पुढे डोळे पिवळे दिसू लागले. कावीळ म्हणून गावाकडचं औषध झालं, उसाचा रस झाला, पथ्य झालं. डोळे निवळायचे आणि पुन्हा पिवळे व्हायचे.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या काविळीचा अर्थ लोकांनी आपापला लावला. चहाच्या टपरीवर एक जुना ड्रायव्हर म्हणाला, "वैजनाथराव, आता पुरे करा की. लिव्हर एकच दिलंय देवानं."

वैजनाथने जन्मात दारू चाखली नव्हती. त्याने तसं सांगितल्यावर सगळे आणखीच हसले. सुपरवायझरने गाडी काढून घेतली आणि बरे झाल्याचा रिपोर्ट आणा म्हणाला.

तेही त्याने सोसलं. लागलं ते घरचं. तनुजाचे वडील दारूपायी गेले होते आणि शेवटी असेच पिवळे पडले होते. एक दिवस ती त्याच्यासमोर बसली. "अहो, खरं सांगा. बाहेर काही घेता का तुम्ही?"

"तुलाही तसंच वाटतंय?"

ती उठून भांडी आवरू लागली. त्यानंतर ताट वाढायची, औषध हातात द्यायची, पण कामापुरतंच बोलायची.

सोनोग्राफीत यकृतातल्या पित्ताच्या नळ्या मधेमधे फुगलेल्या दिसल्या. कशामुळे, ते समजेना. मोठ्या दवाखान्यातले पोटाचे डॉक्टर अभिनव म्हणाले, "एमआरसीपी करून घेऊ. एमआरआयचाच प्रकार, पण त्यात पित्ताच्या नळ्यांचं चित्र नीट येतं. चिरफाड नाही. आत पडून राहायचं आणि सांगतील तेव्हा श्वास धरायचा."

ऐकायला सोपं होतं. पण एवढी बस हाकणारा माणूस त्या बोगद्यात डोकं जाताच घामाघूम झाला. मशीन ठकठक वाजू लागलं तसा त्याने, थांबवायची खूण म्हणून हातात दिलेला रबरी फुगा दाबला. बाहेर काढल्यावर म्हणाला, "मॅडम, मला नाही जमायचं. जीव गुदमरतोय."

मशीन चालवणाऱ्या प्रियदर्शनीने त्याला पाणी दिलं नाही, कारण तपासणी उपाशीपोटी होती, पण घाईही केली नाही. तिने तनुजाला दारात बोलावलं. "यांच्याजवळ उभ्या राहाल? पण अंगावर धातूचं काही नको. मंगळसूत्र, जोडवी, साडीची पिनसुद्धा."

"राहू दे, तनुजा," वैजनाथ म्हणाला.

तनुजाने मंगळसूत्र काढलं. जोडवी बोटात रुतली होती, ती ओढून काढली. सगळं ट्रेमध्ये ठेवून ती आत आली.

दुसऱ्यांदा आत जाताना त्याने डोळे मिटून घेतले. कानावरच्या हेडफोनमधून प्रियदर्शनीचा आवाज येत होता, "श्वास घ्या... सोडा... आता धरून ठेवा." आणि बाहेर राहिलेल्या त्याच्या पावलावर तनुजाचा हात होता. तपासणी संपेपर्यंत तो हात तिथून हलला नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. काळ्यावर पांढरं, पानं झडलेल्या झाडासारखं काहीतरी. "या फांद्या सरळ, निमुळत्या हव्यात. तुमच्या इथे आवळल्यात, पुढे फुगल्यात, परत आवळल्यात. आणि ही मुख्य नळी बघा, जवळपास बंद."

"म्हणजे ट्रॅफिक तुंबलंय," वैजनाथ म्हणाला.

"तसंच. पित्त खाली उतरत नाही, मग रक्तात जातं. म्हणून खाज आणि म्हणूनच कावीळ."

तनुजाने विचारलं, "डॉक्टर, हे दारूनं होतं का?"

"नाही. हा आजार दारूचा नाहीच. नेमका कशाने होतो ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. यात यांची काही चूक नाही."

बाहेर आल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. "अहो, चुकलं माझं."

"तू जे बघितलंयस, ते मी बघितलं असतं तर मलाही तसंच वाटलं असतं," तो म्हणाला. "चल, आधी काहीतरी खाऊन घेऊ."

नंतर डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून ती अरुंद जागा छोट्या फुग्याने रुंद केली. तिथला नमुना तपासला, त्यात वाईट काही निघालं नाही. खाज हळूहळू गेली. आजार मात्र मुळापासून जाणारा नाही. कधीतरी यकृत बदलावं लागेल, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. दर वर्षी चित्र काढून नळ्यांवर लक्ष ठेवायचं. सुपरवायझरने रिपोर्ट पाहिला आणि बस परत दिली.

यंदाच्या तपासणीला वैजनाथ पेढे घेऊन गेला. प्रियदर्शनी म्हणाली, "अहो, मी नुसतं मशीन चालवते. आजार डॉक्टरांनी ओळखला."

"तुम्ही त्या दिवशी मला घरी पाठवलं नाहीत," तो म्हणाला. "पाठवलं असतंत तर मी परत आलो नसतो."

तिने पेढा घेतला. तेवढ्यात बाकावरच्या एका आजींनी आत जायला नकार दिला. तनुजा उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली. "आजी, आवाज फार होतो, पण दुखत काही नाही. मी येऊ का सोबत?"

आजींनी तिचा हात धरला. तनुजा आता लवकर निघणार नाही हे ओळखून वैजनाथने वैष्णवीला फोन लावला आणि जेवून घ्यायला सांगितलं.