रोमच्या नळाचं पाणी

काल वाशिमला भाचीच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर एक गंमत झाली. आम्ही सगळे रिटायर झालेले, आणि माझा सोडून सगळ्यांचे पासपोर्ट शिक्क्यांनी भरलेले... कुणाला टोकियो आवडलेलं, कुणाला पॅरिस. कोणती राजधानी भारी यावर जिलेबी गार होईपर्यंत वाद चालला.

मला विचारलं, तुमची आवडती कोणती? मी पटकन म्हणाले, रोम. कधी जाऊन आलात? म्हटलं, छे, मी कुठली जाते... सगळे हसले, मीही हसले. पण घरी आल्यापासून आमच्या वाशिमजवळच्या मालेगावचं ते कापडाचं दुकान डोळ्यापुढून हलत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. पहिल्या पगारात बाबांना शर्टाचं कापड घ्यायचं म्हणून आम्ही दोघं आमच्या गावाहून, रिठदहून, एसटीने मालेगावला गेलो. मे महिना, आणि आमच्याकडचा मे म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको.

माझे बाबा महायुद्धात मिल्ट्रीचा ट्रक चालवायचे. बगदाद, कैरो, रोम पाहिलं म्हणून सांगायचे. गावाने त्यांचं नावच 'रोमवाले' पाडलं होतं, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

फोटो नाही, कागद नाही... खरं सांगते, मलाही वाटायचं की बाबा फेकतात. पुण्याच्या छावणीत कुणाकडून ऐकलेलं स्वतःच्या नावावर खपवतात. लहानपणी शाळेत पोरी चिडवायच्या तेव्हा मला त्यांचा रागच यायचा.

दुकान एका जैन कुटुंबाचं. तिथल्या धाकट्या शेटजींची आदल्या उन्हाळ्यात युरोपची सहल झाली होती, आणि गिऱ्हाईक आलं की कापडाआधी सहल उलगडायची. त्यांच्या मते राजधानी एकच, लंडन. का, तर उन्हाळ्यात तिथे सूर्य रात्री नवानंतर मावळतो... सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या माणसाला दिवसभर फिरून आरामात जेवता येतं! सगळ्या शहरांचे नंबर त्यांनी असेच जेवणावरून लावले होते. मला ते भारी आवडलं.

तेवढ्यात बाबा हळूच म्हणाले, "अन् रोम, शेटजी?"

मी त्यांची बाही ओढली. आता हसं होणार, तेही दुकानात आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या आईबापांसमोर... मी अक्षरशः जमिनीकडे पाहत उभी होते.

"रस्त्यानं ते लोखंडी नळ हायेत का अजून? दिवसरात चालू राहतात," बाबा म्हणाले. "तोटीच्या खालून बोट दाबलं का वरच्या भोकातून पाणी उडते..."

धाकटे शेटजी गादीवरून उठलेच. "हायेत ना! आमच्या सहलीतल्या पोरायनं तसंच करून माहा सदरा भिजवला! म्हंजे तुमी खरंच..."

बाबा नुसते हसले. मी धरलेली बाही सोडली.

"पाणी कसं हाय आता?" बाबांनी विचारलं. शेटजी म्हणाले, "मी नाई पेलो. आमचं गाळलेलं, उकळलेलं पाणी मी संगं घेऊन फिरलो." बाबांनी कपाळाला हात लावला. "रोमले गेले अन् पाणीच राह्यलं?" दुकानभर हशा पिकला.

मग शेटजींनी विचारलं, एवढ्या राजधान्या पाहिल्या, मग रोमच काहून?

बाबा म्हणाले, "त्या नळावर मी ओंजळीनं पाणी पेलो. माह्या मागं एक म्हातारी बाई, भांडं घेऊन. मी बाजूले झालो अन् पाहत राह्यलो... म्हटलं, आता ही बाई नळ धुईन, मंग भरीन. तिनं नाई धुतला. तसंच भांडं लावलं, अन् मले इशारा करून म्हणे, अजून पे."

त्या दुकानाच्या बाहेर ओट्यावर एक अल्युमिनियमचा पेला पालथा पडलेला असायचा, आमच्यासारख्यांसाठी. आम्ही धर्म बदलला होता, पेला बदलला नव्हता. बाबा त्या दुकानात कधीच पाणी पीत नसत... भर उन्हात आले तरी, तहान नाही म्हणायचे. तहान होती, तो पेला नको होता, हे मला बाविसाव्या वर्षी, त्या क्षणी कळलं.

धाकटे शेटजी सवयीने तो पेला आणायला ओट्याकडे निघाले. दोन पावलं गेले आणि थांबले... मागे फिरले, आतल्या माठातलं त्यांचं गाळलेलं पाणी त्यांच्याच तांब्यात घेतलं आणि बाबांच्या हातात दिलं. बाबांनी तांब्याकडे पाहिलं, मग वरून तोंडात धार धरून सगळा रिकामा केला.

आणि मग आम्ही दोघंही पाहत राहिलो. शेटजींनी तांब्या घेतला, न धुता तसाच माठात बुडवला आणि स्वतः प्यायले. मुद्दाम की उन्हामुळे, ते मला आजही सांगता येणार नाही. गल्ल्यावर बसलेले थोरले शेटजी खाकरले.

दुकान काही एका दिवसात बदललं नाही. दिवाळीत गेलो तेव्हा पेला ओट्यावर होताच. पण त्या दिवशी एसटीत बाबा मांडीवर कापडाचं पुडकं घेऊन, सगळा रस्ता आपल्याशीच हसत होते.

मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं... पुढेही जमलं नाही, आणि आता ते ऐकायला नाहीत.

म्हणून इथे लिहिते. बाबा, तुम्ही रोम पाहिलं होतं. मी बाही ओढायला नको होती.