जपानबाईंची चूक

जपानबाई वाचत नसत, ऐकत. समोर कोणीतरी मोठ्यानं वाचायचं, त्या डोळे मिटून बसायच्या आणि वाक्य संपलं की मान तिरकी करून विचारायच्या, "कोण?" जपानीत कर्ता बऱ्याचदा गाळतात. ‘आलं’, ‘गेलं’, ‘खाल्लं नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. कोण आलं, कोण गेलं हे वाचणाऱ्यानं ओळखायचं. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्ही पोरं मोठमोठे सिद्धांत मांडू लागलो की बाई हात वर करायच्या. "ते राहू द्या. या वाक्यात कोण बोलून राहिलं, ते सांगा आधी."

शहरातल्या विद्यापीठात त्या प्राध्यापक होत्या, दोन वर्षं जपानात राहून आलेल्या होत्या. पण आमच्या जवळा बाजार गावात त्यांना सगळे जपानबाईच म्हणत, आणि ते नाव त्यांना आवडायचं. त्यांचं खेडं बाजारापासून दोन-तीन कोसांवर. वडील मेंढरं राखायचे. पुण्याला शिकायला गेल्या तेव्हा जर्मनच्या वर्गातल्या जागा भरल्या होत्या आणि जपानीच्या शिल्लक होत्या, इतकं साधं कारण. गावात कोणी विचारलंच, "बाई, जपानीच काहून शिकल्या?" तर म्हणायच्या, "मेंढरामागं हिंडणाऱ्याला काहून म्हणून कोणी इचारत न्हाई. चारा दिसला तिकडं जायचं."

सुटीत आल्या की बाजाराच्या दिवशी त्या आमच्या दुकानात टेकायच्या. अब्बांचं गाद्या-रजया भरायचं दुकान. मी बारावीत असताना कापसाच्या ढिगाशेजारी बसून त्यांनी मला एक जपानी लोककथा सांगितली आणि मध्येच थांबून विचारलं, "आता पुढं काय झालं असंल?" मी पार भलतंच सांगितलं. त्या खूश झाल्या. "बराबर चुकली! डोकं लावून चुकली." मग अब्बांकडे वळल्या. "भाईसाब, हे लेकरू माझ्याकडं पाठवा." अब्बा नुसते हसले. बी.ए. झाल्यावर मात्र स्वतः एसटीनं मला त्यांच्याकडे सोडून आले.

बाईंचं नाव झालं ते एका डायरीमुळं. डोंगरातल्या खेड्यात राहणाऱ्या एका जपानी शेतकरी बाईनं रोज दोन-तीन वाक्यं लिहिली होती. फार शिकलेली नव्हती, म्हणून चित्रलिपी टाळून साध्या अक्षरांत लिहायची. जपानबाईंनी ती डायरी मराठीत आणली. त्यातली एक नोंद अशी: ‘लेकरू गेलं. सकाळपासून रडते आहे. खात नाही.’ या तीन वाक्यांशेजारी आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या ठेवून, लेकरू गमावलेली आई दोन भाषांत कशी बोलते, यावर त्यांनी मोठा निबंध लिहिला होता. तो शिकवताना दरवेळी त्यांचा आवाज बसायचा. माझा पीएच.डी.चा प्रबंध त्याच निबंधाच्या पायावर उभा होता.

प्रबंध संपत आला तेव्हा मी चार दिवस घरी आले. दारात पोचते तोच अम्मीचं फोनवरचं बोलणं कानावर आलं, "सुबू से रो रई. मुँह में कुछ बी नई डाली." माझ्या हातातली पिशवी गळाली. "कौन, अम्मी? कौन रो रई?" अम्मीनं मागच्या अंगणाकडे बोट केलं. आमची बकरी. आदल्या दिवशी बाजारात तिचं पिल्लू विकलं होतं, आणि ती दाव्याला हिसके देत ओरडत होती.

मी आधी हसले. मग तिथंच पायरीवर बसले. जपानीत माणसाचं पोर आणि जनावराचं पिल्लू यांना एकच शब्द. रडणं आणि जनावराचं ओरडणं यांचा उच्चारही एकच. चित्रलिपीत लिहिलं तर फरक दिसतो, साध्या अक्षरांत दिसत नाही. मी मूळ डायरीची प्रत काढली. त्या नोंदीच्या बरीच पानं आधी शेळी व्याल्याची नोंद होती. त्या नोंदीनंतर आठ दिवसांनी मुलाच्या शाळेच्या डब्याची. अनुवादात तिथं बाईंनी तळटीप दिली होती: ‘हे बहुधा धाकटं मूल.’ धाकट्या मुलाचा उल्लेख साऱ्या डायरीत कुठंच नव्हता. जन्मभर सगळ्यांना ‘कोण?’ विचारणाऱ्या बाईंनी त्या एका ठिकाणी ते विचारलं नव्हतं.

दोन महिने मी गप्प बसले. बाई निवृत्त होत होत्या. त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती छापायला गेली होती, निरोप समारंभात तिचं प्रकाशन ठरलं होतं. त्या निबंधाबरोबर माझाही प्रबंध कोसळणार होता. ज्यांनी मला दुकानातून उचलून इथवर आणलं, त्यांना शेवटच्या महिन्यात हे सांगायचं? रोज ठरवायचे आणि रोज त्यांच्या दारावरून परत यायचे. अन्न गोड लागेना.

शेवटी एका दुपारी गेले. बाई पुस्तकं खोक्यांत भरत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बकरी, अम्मीचा फोन, डबा. त्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "मूळ वाच." मी वाचलं. त्यांनी डोळे मिटले. "परत वाच." मी परत वाचलं. मला वाटलं, आता या मला बाहेर जायला सांगतील.

"धनगराची लेक मी," त्या हळूच म्हणाल्या. "आन मला शेळी ऐकू आली न्हाई."

"मॅडम, चूक कोणाचीही…"

"थांब गं, रेशमा." त्यांनी डोळे उघडले. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. "म्हंजे तिचं लेकरू जितं होतं? डबा घेऊन शाळेत जाऊन राहिलं होतं?"

"हो."

"बरं झालं बाई. लई बरं झालं. वीस वर्षं मी त्या बिचारीला रडवून ठेवलं." पदरानं तोंड पुसून त्या उठल्या आणि चहाचं आधण ठेवलं. त्या दिवशी मी त्यांच्याकडे दोन वेळा जेवले.

प्रकाशकाला त्यांनी लगेच फोन करून छपाई थांबवली. निरोप समारंभात पुस्तक नव्हतंच. भाषणाऐवजी त्यांनी भरल्या सभागृहात ती नोंद वाचली, आपली चूक सांगितली आणि ती कोणी दाखवली तेही सांगितलं. मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. एक ज्येष्ठ प्राध्यापक मागाहून म्हणाले, "मॅडम, जुना निबंध काढून टाका, विषय संपला." बाई म्हणाल्या, "काढायचा न्हाई. हिचा नवा निबंध त्याच्या शेजारी छापायचा. वाट कुठं चुकली, ते मागून येणाऱ्याला दिसलं पाहिजे." पुस्तक दोन्ही निबंधांसह निघालं. माझा प्रबंध वर्षभर लांबला, पण जो झाला तो माझा झाला.

आता मी वसमतच्या कॉलेजात शिकवते. बाई त्यांच्या खेड्यात भावाच्या घराशेजारी राहतात. निवृत्तीनंतर त्या रिकाम्या बसतील, खचतील, अशी मला भीती होती. परवा सकाळी त्यांचा फोन आला. एरवी त्या पहाटे-सकाळी कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाईघाईनं उचलला.

"काय झालं, मॅडम? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरली? डायरी पहिल्या पानापासून परत वाचून राहिले," पलीकडून त्यांचा खणखणीत आवाज आला. "अजून दोन चुका सापडल्या. रविवारी ये, दाखवते!"