पोटाच्या वार्डातला वजनकाटा

दवाखान्यात राहिलं की किस्से आपोआप जमतात. भेटायला आलेली बाई स्वतःचा एक सांगते आणि आपले चार घेऊन जाते! माझे सुरू झाले मंगळवारी सकाळी सव्वानऊला, आदिलाबादला, पोटाच्या वार्डात. माझं आतडं एका जागी आवळलं होतं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू, पण आधी अंगात ताकद पाहिजे." दीड वर्षाची माझी परी नेरडीगोंड्याला जावेजवळ. ती मला विसरली तर? एवढंच डोक्यात.

तेवढ्यात डाएटवाल्या सिस्टर काटा घेऊन आल्या. पोटाच्या सगळ्याच पेशंटला त्या तेच विचारत. "वजन उतरलं काय अम्मा? जेवण कमी झालं?"

कित्येक दिवस मला अर्धी भाकरही जात नव्हती. पण बाजूला सासूबाई उभ्या! मी म्हटलं, "नाही, पोटभर खातो."

सासूबाई फुगल्या. "आमच्या घरी सून उपाशी नाही राहत!"

सिस्टर माझ्या ढगळ झालेल्या ब्लाउजकडे पाहत म्हणाल्या, "मावशी, मी घराचं नाही, आतड्याचं विचारून राह्यली!"

मग मी खरं सांगितलं. सासूबाई तरातरा बाहेर जाऊन बसल्या.

*

वजनाच्या लाईनीत बाजारहत्नूरचे रामदासकाका असायचे. पोट हे एवढं! सगळे म्हणायचे, "यांना कशाला तपासता?" सिस्टरनी त्यांच्या दंडाला टेप गुंडाळला. दंड काडीसारखा! "काका, पोटात पाणी भरलं आहे. अंगावर मांस कुठं आहे?"

काकांनी पोटावरून हात फिरवला. "हात्तीच्या! आन मी याले दिवाळीपासून बायकोच्या हाताची चव समजून राह्यलो!"

*

शेजारच्या खाटेवरच्या गंगूआत्याला वाटायचं, वजन वाढलं की दवाखान्यातून सुट्टी. एका सकाळी तिचं वजन भसकन वाढलं. सिस्टर खूश! मग त्यांची नजर खाली गेली. लुगड्याखाली पायात चांदीचे जाडजूड तोडे, लग्नकार्यातच पेटीतून निघणारे.

"आत्या, हे काय?"

"माह्या अंगावरचंच हाय ना माय!"

"बरं. तोड्यांना सुट्टी देते. तुमी राहा!"

*

माझं खाणं ठरलं होतं: मऊ भात, वरण, अंडं, थोडं थोडं पण दर दोन तासांनी. सोमवारी मी ताट बाजूला सारलं. सासूबाईंनी नवस बोलला होता, सून बरी होईपर्यंत सोमवारचा उपास.

सिस्टरनी विचारलं, "नवस कोण बोललं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"मग उपास ही काऊन करते?"

 मग सासूबाईंनीच अंडं सोललं आणि माझ्या तोंडाशी धरलं. "खाय व. देवाले मी पाहून घेतो!"

त्या दिवसापासून सोमवारचा उपास त्यांचा. माझ्या खाण्याचा पहाराही त्यांचाच! थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली.

*

ऑपरेशन चांगलं झालं. काही महिन्यांनी तपासणीला गेले, तर परी कडेवरून उतरायला तयार नाही. विसरते कशाची! तशीच काट्यावर चढले. आकडा पाहून सिस्टर ओरडल्या, "अगं, पोरीला उतरव!"

परीला सासूबाईंकडे दिलं. आकडा खाली आला, तरी सिस्टरनी ठरवून दिलेल्या वजनाच्या वरच! सिस्टरनी वाकून आधी माझे पाय पाहिले.

"तोडे नाही घातले!" सासूबाई मागून म्हणाल्या. "घरचं जेवण हाय!"

इतक्यात मागच्या लाईनीत एका वाळलेल्या पोरीला सिस्टरनी विचारलं, "जेवण कमी झालं काय?" तिच्या सासूनं ताठ मानेनं उत्तर दिलं, "आमच्या घरी सगळे पोटभर खातात!"

सासूबाईंनी परीला माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि थेट त्या सासूपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, त्या घराचं नाही, आतड्याचं विचारून राह्यल्या. पोरीले खरं सांगू दे. आन तुह्या मागं लाईनीत दुसरी सासू उभी हाय ना, तिलेबी सांग!"