ओढ्यातले मासे, एजवेअरच्या घरात

मासे पाळणाऱ्यांच्या क्लबातल्या मित्रांबरोबर माझा नवरा पॅसिफिकमधल्या एका छोट्या बेटावर गेला, तेव्हा त्याचं सामान मी भरलं होतं. जाळ्या, जाड पिशव्या, परवान्यांच्या प्रती, पोटाच्या गोळ्या, सगळं यादीवर खुणा करून. परतताना त्याने खोक्यातून तिथल्या ओढ्यातले मासे आणले. बोटाएवढे, मातकट, नरांच्या अंगावर निळी झाक. लंडनमधल्या आमच्या एजवेअरच्या घरात जेवणाच्या टेबलाशेजारी त्यांची टाकी लागली.

सासूबाई मालवणहून उन्हाळ्यापुरत्या आल्या होत्या. टाकीत डोकावून त्या म्हणाल्या, "अरे, ही तर आपल्या खाडीतल्या निवटीची धाकटी बहीण. हिच्यासाठी विमानाने गेलास? वाटीभर कालवण व्हायचं नाही."

"आई, हे खायचे नाहीत."

"तेही काही खात नाहीयेत," त्या म्हणाल्या.

ते खरं होतं. गोठवलेल्या अळ्या, माशांच्या खाद्याचे दाणे, काकडीसारखी कूर्जेट उकडून, सगळं तळाशी पडून कुजत होतं. बाकीच्या मित्रांनी आणलेले मासे एकामागून एक मेले. आमचे जिवंत होते, पण पोटं खपाटीला गेलेली. नवरा मेडनहेडच्या ऑफिसातून आला की बूटही न काढता टाकीसमोर बसायचा. एकदा एवढंच म्हणाला, "तिथे ठीक होते गं."

मला नुसतं बसून राहणं जमत नाही. काय दिलं आणि काय नाकारलं, याची माझी यादी लांबत चालली होती आणि तिचा उपयोग शून्य होता. शेवटी मी म्हटलं, "मला फोटो दाखव. माशांचे नकोत, ओढ्याचे."

ओढा म्हणजे झुळझुळ पाणी, अशी माझी समजूत होती. लॅपटॉपवर दिसला तो पांढरा फेस आणि काळे धोंडे. एका धोंड्यावर मासा चिकटला होता आणि त्याच्या पाठीवरून पाणी कोसळत होतं. धोंड्यावर हिरवट थर होता, आणि त्या थरावर बारीक ओरखडे.

"हे कसले?"

"खरवडून खातात ते," नवरा म्हणाला आणि मग टाकीकडे बघत राहिला. टाकीत आम्ही नवे दगड ब्रशने घासून, चकचकीत करून ठेवले होते. पाणीही तळ्यासारखं संथ.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या बागेत उन्हात टब मांडले आणि त्यांत पाणी भरून दगड टाकले. सासूबाईंनी खिडकीतून विचारलं, "आता दगडांचं लोणचं का?" त्या वर्षी ऊन चांगलं होतं. दगड हिरवे व्हायला लागले. नवऱ्याने दुसरा पंप आणून पाण्याला जोरदार ओढ दिली. हिरवे दगड मी टाकीत ठेवले आणि आम्ही तिघं खुर्च्या ओढून बसलो.

आधी एक मादी गेली. दगडाला तोंड टेकून ती पुढे सरकली, तिच्यामागे स्वच्छ पट्टा उमटला. मग बाकीचे आले. नवऱ्याने चष्मा काढून डोळे पुसले. आम्ही तिकडे पाहिलं नाही.

आठवड्याभरात पोटं भरली, आणि मग एका सकाळी एक नर काचेवर चढला. पंपाचं पाणी जिथून ओघळत होतं तिथून, पाण्याच्या वर. तोंडाने पकड घ्यायची, पोटाखालची चकती चिकटवायची, की पुन्हा तोंड पुढे. माझा चहा गार झाला.

नवऱ्याने सांगितलं, की ते बेट समुद्रातून ज्वालामुखीने वर आलेलं, कुठल्याच जमिनीला कधी न जोडलेलं. तिथे नदीचे मासे आले समुद्रातून. पिल्लं ओढ्यात जन्मतात, वाहत समुद्रात जातात, तिथे वाढतात आणि मग एखाद्या ओढ्याचं तोंड गाठून धबधबे चढत वर येतात.

"एवढासा जीव," सासूबाई म्हणाल्या. "आणि वाट कोण दाखवतं रे त्याला?"

"माहीत नाही, आई."

मासा काचेच्या वरच्या कडेला पोचला. तिथे झाकण होतं. तो थांबला, कल्ले हलवत तसाच चिकटून राहिला. खाली उतरला नाही. त्याला आणखी वर जायचं होतं, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

"पुढच्या वेळी मीही येते," मी नवऱ्याला म्हटलं. "तिथेच बघू त्यांना. आणायचे नाहीत."

त्याने होकाराची मान हलवली.