पाहुणीची ओटी

आमच्या तंजावूरला एक बहीण होती, जर्मनीत. म्हणजे तिथल्या एका लहानशा गावाशी आमच्या शहराचं नातं जुळवलेलं होतं, आणि ते सांभाळणारी समिती टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरायची. पगार कुणालाच नव्हता, उत्साह सगळ्यांना. नव्यानं उघडलेल्या एसटीडी बूथवरून फॅक्स पाठवला की चिटणीस कागद पूर्ण आत जाईपर्यंत यंत्रासमोर हात जोडून उभे राहायचे. मी कॉलेजात होते, इंग्रजी बोलायची, म्हणून दुभाषी. दोन शहरं बहिणी कशा होतात हे मला आजही नीटसं कळलेलं नाही, पण त्या दिवसांत काहीही होईल असं वाटायचं.

एकदा तिकडून आलेली एक बाई आमच्या घरी उतरली. पन्नाशीची, उंच, फार हळू चालणारी. ती आली आणि घरही तिच्या चालीनं चालू लागलं. दुपारी ती आणि आई मागच्या पडवीत बसायच्या. आई आमच्या तंजावुरी मराठीत बोलायची, पाहुणी तिच्या जर्मनमध्ये, मधे कॉफीचे पेले. ऊन विहिरीच्या काठावरून भिंतीवर चढत जायचं, तरी बोलणं संपायचं नाही. मी आईचं बोलणं इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं की दोघी माझ्याकडे अशा पाहायच्या, की मी मुकाट्यानं आत जायची.

जायचा दिवस जवळ आला तशी आई म्हणाली, हिची ओटी भरायची, घरची बाई रिकामी जात नाही. म्हणताना तिचा आवाज जरा अडखळला. का, ते मला ठाऊक होतं. वडील गेल्यापासून ओटीचं तबक आईच मांडायची, नारळ पुसून ठेवायची, आणि मग आपण होऊन आत निघून जायची. तिला जा असं कुणी म्हणत नसे, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. या एका पाहुणीची ओटी तिला स्वतःच्या हातानं भरायची होती. पण तसं न बोलता तिनं शेजारच्या अक्कांना बोलावलं. मी भांडले. तिनं ऐकून घेतलं आणि नारळ पुसत राहिली.

निघायच्या सकाळी समितीची व्हॅन दारात आली. सामान चढलं. पाहुणीला पाटावर बसवून माझी ओढणी तिच्या खांद्यावरून पुढे घेतली, पदरासारखी. आई स्वयंपाकघराच्या दाराआड. अक्कांनी कुंकवात बोट बुडवलं आणि सहज चौकशी केली, हिचे यजमान काय करतात? मी इंग्रजीत विचारलं. ती हसून म्हणाली, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. बोटातली अंगठी पाहून आम्ही सगळ्यांनी त्यांना जिवंत धरलं होतं. तिच्या गावाची लोकसंख्या समितीनं विचारली होती, हे कुणी विचारलं नव्हतं.

मी ते मराठीत सांगितलं तसा अक्कांचा हात थांबला. त्या वाईट नव्हत्या, त्यांना पुढे काय करावं ते सुचेना. बाहेर हॉर्न वाजला. तेवढ्यात आई दाराआडून बाहेर आली आणि तिनं तबक स्वतःकडे घेतलं.

"राहू दे, अक्का. हिची मी भरतें."

तिनं कुंकू लावलं. खण, नारळ, मग ओंजळभर तांदूळ.

आता पाहुणीला या मुक्कामात आमची एकच रीत पक्की समजली होती. कुणी शाल दिली की ही आपल्या गावाचा झेंडा द्यायची. कुणी बाहुली दिली की ही डबाभर बिस्किटं द्यायची. घेतलं की लगेच द्यायचं. पण तिची बॅग व्हॅनमध्ये गेली होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं, मग आपल्या ओटीतले अर्धे तांदूळ ओंजळीत घेतले, आईचा पदर पुढे ओढला आणि त्यात घातले. असं करत नाहीत, हे सांगणं माझं काम होतं. मी एक शब्द बोलले नाही. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

आई पदर धरून उभी राहिली. व्हॅन कोपऱ्यावरून वळली तरी तशीच होती.

ते तांदूळ तिनं डब्यात परत टाकले नाहीत. छोट्या पातेल्यात वेगळा भात लावला, वर गूळ घातला, आणि दुपारी केळीचं पान मांडून बसली. मी माझं ताट घेऊन शेजारी बसले, तेव्हा तिनं पातेलं स्वतःकडे ओढलं.

"तुजा दुसरा आहे," ती म्हणाली. "हा माज्या ओटीचा."