मागची उजवी काच

प्यो दोकसूच्या गाडीबद्दल त्याच्यासमोर वाकडं बोलायचं नाही, हे कोरियातल्या जेचन शहराच्या त्या तेरा मजली वसाहतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बायकोबद्दल कुणी बोललं तर तो हसून सोडून देई, वर आपलीही दोन वाक्यं त्यात घाली. गाडीबद्दल मात्र अवाक्षर नाही. जन्मभर शहराची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. बस कंपनीची होती, ही गाडी स्वतःची. बदामी रंगाची, चौकोनी नाकाची जुनी सेडान. तिच्या बरोबरीच्या गाड्यांची केव्हाच तवे-पातेली झाली असतील, ही मात्र रोज सकाळी बायकोच्या जुन्या टॉवेलनं अंग पुसून घेत होती. डिकीत पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळलेला सुका मासा होता, गाडी आणली त्या दिवशी पूजा करून ठेवलेला.

"मासासुद्धा थकला आता," बायको ओकहुई म्हणायची. "त्याला तरी मोकळं करा हो, बोरामचे बाबा."

बोराम ही त्यांची एकुलती एक लेक. आणि या गाडीची जी एक गोष्ट दोकसू भेटेल त्याला ऐकवायचा, ती बोरामच्या दाताची. दुधाचा दात पडला की छपरावर फेकायचा, मग मॅगपाय पक्षी तो नेतो आणि नवा आणून देतो, हे सगळ्यांनाच माहीत. पण तेरा मजल्यांच्या छपरावर सात वर्षांची पोर दात फेकणार कशी? बोराम भोकाड पसरून बसली. दोकसूनं तोडगा काढला, "अगं वेडे, गाडीलाही छप्पर असतंच की! टाक टपावर."

तिनं डोळे मिटून टाकला. दुसऱ्या दिवशी पोर उठायच्या आत दोकसू दात गुपचूप उचलायला खाली गेला, म्हणजे मॅगपायच्या नावावर खपवता आलं असतं. बघतो तर काय, दात नाहीच! टपावर नाही, चाकांपाशी नाही, कुठ्ठे नाही. समोरच्या झाडावर मॅगपाय मात्र शेपटी उडवत बसलेला. दोकसू लिफ्टसाठीही थांबला नाही, चार मजले धापा टाकत चढला. "बोराम! ऊठ! अगं खरंच नेला गं!" खोटं बोलायला गेलेल्या माणसाच्या पदरात खरं पडलं होतं, त्याला किती आनंद झाला असेल! तेव्हापासून या गाडीवर मॅगपायची मर्जी आहे असं तो शपथेवर सांगायचा. आणि त्याच दिवशी बोरामनं, मागच्या उजव्या सीटवर बसून, जाहीर केलं होतं की मी लग्नाला याच गाडीतून जाणार.

लहान मुलं काहीही बोलतात. पण दोकसू ते धरून बसला होता. आता येत्या रविवारी लग्न होतं आणि बापाला जगात दुसरं काही नको होतं. लेकीला त्या सीटवर बसवायचं, आधी नवरीला सजवायच्या दुकानात आणि तिथून हॉलच्या दारापर्यंत आपल्या हातानं न्यायचं, बस.

आणि लग्नाला आठवडा असताना त्याच सीटची काच फुटली.

वसाहतीत गाड्या उदंड आणि जागा मूठभर. उशिरा येणारा आपली गाडी दुसऱ्यांच्या गाड्यांना आडवी लावतो आणि न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न ओढता सोडून जातो. ज्याला बाहेर पडायचं असेल त्यानं ती हातानं ढकलून बाजूला करायची. शेजाऱ्याची गाडी ढकलल्याशिवाय तिथं कुणाची सकाळ होत नाही. फक्त आवार थोडं उतरतं आहे, म्हणून चाकाखाली दगड ठेवायचा. या दगडावर दोकसूची व्याख्यानं चालत. कुणाच्या चाकाखाली दगड दिसला नाही की तो खाली उभं राहून मजल्याचा नंबर घेऊन हाका मारायचा.

लग्नाच्या आदल्या रविवारी होणारा जावई सनग्यू सीताफळाएवढाल्या पर्सिमन फळांची पेटी घेऊन आला. शाळेत पोरांना कुस्ती शिकवणारा गडी, मान आणि खांदे यांच्यात फरक सापडत नसे. त्याच्या गावाकडं जागा एवढी की कुणाची गाडी ढकलायची कधी वेळच आली नाही. सासऱ्यांची गाडी कुणाच्या तरी वाटेत आडवी दिसली, तेव्हा त्यानं बाह्या सरसावल्या आणि आखाड्यात उतरल्यासारखं ढकललं. गाडी निघाली ती निघालीच. उतारावरून वळण घेत कचऱ्याच्या पिंजऱ्यापाशी गेली आणि पिंजऱ्याच्या उघड्या दाराचा दांडा बरोबर मागच्या उजव्या काचेत! खळ्ळकन आवाज झाला आणि खाली खडीसाखर सांडल्यासारखा काचेचा सडा पडला.

दोकसू चपला न घालता धावत आला. सनग्यू तिथंच दोन्ही गुडघे टेकून बसला होता.

"बाबा, चूक झाली माझी. जोरात ढकललं."

"जोरात? अरे गाडी आहे ती, बैल नाही! डोळे कुठं ठेवले होतेस, पहिलवान?"

वसाहतीचा चौकीदार गीलकाका तेवढ्यात मान वाकडी करून चाकांकडं बघायला लागला. "पण दोकसूभाऊ, दगड कुठाय? दगड असता तर..."

"चूक माझीच आहे, काका," सनग्यू घाईनं मधेच म्हणाला.

दगड फुलझाडांच्या वाफ्यात पडला होता. सकाळी गाडी पुसताना दोकसूनंच तो बाजूला टाकला होता आणि परत लावायचा विसरला होता. त्याला तो दिसला. सनग्यूची नजरही तिकडं गेलेली त्याला दिसली. पण त्या क्षणी त्याच्या तोंडून काही निघालं नाही, आणि एकदा वेळ गेली की असं बोलणं अवघडच होऊन बसतं.

वरून ओकहुईनं निकाल दिला. "शनिवारपर्यंत काच बसली तर ठीक. नाही तर नवरी सनग्यूच्या मित्राच्या काळ्या मोठ्या गाडीतून जाईल आणि हे धूड सोमवारी भंगारात. प्लॅस्टिक चिकटवलेल्या गाडीतून मी लेक पाठवायची नाही. सांगून ठेवते."

"आई, असू दे ना प्लॅस्टिक," बोराम म्हणाली.

"तू गप्प बस. तुझ्या केसांचं घरटं होईल वाऱ्यानं!"

गॅरेजवाल्यांनी हात वर केले. या गाडीची काच बनणं केव्हाच बंद झालं होतं. एका ठिकाणी तर काउंटरवरचा पोरगा गाडीपेक्षा वयानं लहान निघाला. शेवटी सासरा आणि होणारा जावई शहराबाहेरच्या भंगाराच्या आवारात गेले. तिथं कुरळ्या केसांची मालकीणबाई शेगडीवर रताळी भाजत बसली होती. दोकसूची गाडी आत शिरताच ती हात पुसत उठली.

"चावी द्या. कागद आणलेत ना?"

"विकायला नाही आणली!" दोकसू भडकला. "काच पाहिजे. मागची उजवी."

"अगंबाई, चालते अजून?" तिनं गाडीभोवती चक्कर मारली. "हिची एक बहीण आहे बघा मागं, ढिगात खालून दुसरी. वरची गाडी सरकवता आली तर काढून घ्या."

इथं पहिलवान कामाला आला. दाराचं आतलं आवरण काढायला दोकसूनं सांगितलं आणि सनग्यूनं ते एका झटक्यात उपटलं. सगळ्या क्लिपा तुटल्या, पण ते दार नाही तरी मेलेलंच होतं. काच मात्र अखंड निघाली. तिच्यावर एक पिवळं स्टिकर होतं, उन्हानं फिकटलेलं: आत बाळ आहे.

"निघेल ते," सनग्यू म्हणाला.

"निघायलाच पाहिजे! नवरीच्या काचेवर हे? तुझ्या सासूला फिट येईल."

शनिवारी सकाळी आवारात काम निघालं. बघ्यांना काय, फुकटचा तमाशा. गीलकाकांनी तर आपली खुर्चीच आणून टाकली. दोकसूनं हँडल काढलं, पेच काढले आणि आवरणाच्या कडेनं पेचकस सरकवून एकेक क्लिप सोडवली. "बघ. विचारत विचारत काढायची. कालच्यासारखी उपटायची नाही." आतलं प्लॅस्टिक अलगद सोडवून बाजूला केलं. मग मधली उभी पट्टी सैल करून त्यांनी नवी काच वरून खाचेत सोडली. ती तिरकी बसली आणि अर्ध्यावर अडकली. सनग्यूनं दात आवळून जोर लावायला घेतला तशी दोकसूनं त्याच्या मनगटावर चापट मारली.

"हळू! टोफू धरतोस तशी धर."

"मी टोफूपण मोडतो, बाबा."

गीलकाका खुर्चीतून पडायचे राहिले. दोकसूलाही हसू फुटलं, त्यानं ते खोकल्यात लपवलं. तिसऱ्या खेपेला काच सरळ उतरली. खाली काच वर-खाली करणाऱ्या यंत्राला तिचे दोन बोल्ट लावायचे, पण दाराच्या तळात जुन्या काचेचे दाणे राहिले होते. आधी ते काढायला हवे होते, नाही तर जन्मभर खुळखुळत राहिले असते. "तुझा हात लांब आहे. घाल आत. हातमोजा घालून."

सनग्यूनं मुठी भरभरून काढायला सुरुवात केली. काचेबरोबर काय काय निघालं! गंजलेलं नाणं, गुलाबी केसांची पिन, खोकल्याच्या गोळीचा कागद. मग तो थांबला. पालथ्या हाताच्या मोज्यावर काहीतरी ठेवून उजेडात धरलं.

"बाबा, हे काच नाहीये."

तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, पिवळसर पडलेला दुधाचा दात.

दोकसू खालीच बसला. टपावरून घरंगळून उघड्या काचेच्या फटीतून आत पडला असणार. म्हणजे मॅगपाय नव्हताच. इतकी वर्षं तो गावभर सांगत फिरला आणि दात त्याच्याच दारात होता. त्याला आधी स्वतःची लाज वाटली आणि लगेच बोराम आठवली. तिला कळलं तर? तिचा तो पक्षी गेला म्हणायचा.

"आत टाक तो परत," तो हळूच म्हणाला.

"परत?"

"परत. बोरामला बोलायचं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी तिचा मॅगपाय मारायचा नाही."

सनग्यूनं दात दाराच्या तळाशी, कोपऱ्यात अलगद ठेवला. या वेळी खरंच टोफू ठेवावा तसा. मग त्यानं बोल्ट आवळले. दोकसूनं पाना त्याच्या हातातून घेतला.

"त्या दिवशी दगड दिसला होता तुला. वाफ्यातला."

"कुठला दगड, बाबा?"

दोकसूनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. कुस्तीनं कान चपटे झालेला, खोटं बोलताना कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होणारा गडी. आजवर त्यानं या पोराला पोरगा, पहिलवान, अरे, ए, सगळं म्हटलं होतं.

"हँडल दे इकडं, जावईबापू," तो म्हणाला.

काच वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. गीलकाकांनी टाळ्या वाजवल्या. ओकहुईनं खाली येऊन स्वतः तीनदा हँडल फिरवून खात्री केली आणि तिला बोट दाखवायला जागा मिळाली ती स्टिकरची. गरम पाणी झालं, साबण झाला, नखं झाली. ‘आहे’ निघालं. ‘आत बाळ’ एवढं फिकट फिकट राहिलंच.

"राहू दे," ती वैतागून म्हणाली. "लांबून कोण वाचतंय."

रविवारी सकाळी ओकहुई जांभळ्या हानबोकच्या पारंपरिक पोशाखात पुढं बसली, घोळदार घागऱ्यात गिअरसुद्धा दिसेना. बोराम मागं, उजवीकडं. दोकसू बस चालवायचा तशी गाडी चालवत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, प्रत्येक खड्ड्याला मान देत. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागं हँडल फिरल्याचा आवाज आला. काच खाली गेली, वर आली.

"छान बसवलीत," बोराम म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बाबा, दार उघडलं होतं ना तुम्ही? आतून?"

"उघडावं लागतंच."

"मग माझा दात?"

"दात? तो तर मॅगपायनं..."

"टपापर्यंत माझा हात कुठं पोचत होता, बाबा? फटीत पडला. टक्कन आवाज आला होता. रात्रभर मला झोप नव्हती, आता नवा दात येणारच नाही म्हणून. सकाळी तुम्हाला सांगणार होते." ती हसली. "पण तुम्ही जिन्यातून ओरडत आलात. एवढं खूश झालेलं मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. मग नाही सांगितलं."

पुढं ओकहुईनं हानबोकच्या बाहीत तोंड लपवलं. हसत होती की काय करत होती, कळायला मार्ग नव्हता. सिग्नल हिरवा झाला होता, मागची गाडी भोंगा वाजवत होती, आणि जन्मात कधी सिग्नलला न रेंगाळलेला प्यो दोकसू आरशात लेकीकडं बघत तसाच बसून राहिला.

बोरामनं दारावर बोटांनी हलकेच टकटक केलं.

"आहे ना आत अजून?"

"आहे," दोकसू म्हणाला, आणि त्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.